पाटीवर दोन ओळींची जागा असते

वडील गेल्यावर सहा महिन्यांनी धुळ्याच्या घराची वारस नोंद करायला घेतली, तेव्हा पत्र्याच्या पेटीतून आजोबांचं खरेदीखत निघालं. कापडावर चिकटवलेला जाड कागद, घड्या विरलेल्या, शाई तपकिरी झालेली. शेवटी चतुःसीमा होती: पूर्वेस गल्ली आणि तिचा नंबर, पश्चिमेस शेजाऱ्याची सामाईक भिंत, दक्षिणेस बोळ, उत्तरेस विहिरीच्या पाण्याचा हक्क असलेली मोकळी जागा. सोबत चालू वर्षाची घरपट्टीची पावती नेली होती. तिच्यावर गल्लीचा नंबर कुठंच नव्हता. मधल्या काळात केव्हातरी आमच्या गल्लीला एका थोर पुरुषाचं नाव दिलं गेलं होतं आणि पावतीवर फक्त तेच छापलेलं होतं. टेबलामागच्या कारकुनांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "ताई, हे एकच घर कशावरून?"

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कागद जुळत नव्हते, हे खरंच होतं. मग स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र झालं, गल्लीतले दोन साक्षीदार झाले, जळगावहून तीन खेपा झाल्या. साक्षीदारांपैकी एक काका पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पत्त्यावर काहीही लिहिलेलं असू दे बेटा, गल्लीचा नंबर असला की मी डोळे झाकून घरी पोचायचो."

तेव्हापासून एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे. रस्त्याला नवं नाव द्यायला माझी हरकत नाही, जुनं पुसायला आहे. जुनं नाव हा त्या रस्त्याचा दस्तऐवज आहे. सभागृहात दोन मिनिटांत मंजूर होणाऱ्या ठरावानं तो फाडला जाऊ नये.

आमच्या गल्लीचं नाव बदललं तेव्हा कारण असं सांगितलं गेलं की नंबर म्हणजे काही नाव नव्हे, बिननावाच्या गल्लीला आपण नाव देतो आहोत. ऐकायला पटतं. पण धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत ते कुणाला नावं सुचली नाहीत म्हणून नाहीत. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या भागाचा पहिला मुख्य अधिकारी होऊन आला आणि १८१९ मध्ये त्यानं धुळं हे मुख्य ठाणं म्हणून निवडलं. तेव्हाचं धुळं म्हणजे ४०१ घरं आणि २५०९ माणसं. एका बाजूला पांझरा नदी, दुसऱ्या बाजूला पाट, मध्ये वाकडीतिकडी वस्ती. तेच आजचं जुने धुळे. ब्रिग्जनं त्याच्या शेजारी नवी पेठ वसवली. घरासाठी जागा फुकट दिल्या, बांधकामाला आगाऊ रकमा दिल्या, लांबलांबहून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना बोलावून घेतलं. या नव्या पेठेचे रस्ते सरळ आखलेले होते. सरळ आखलेल्या गल्ल्या एकीशेजारी एक पडतात, म्हणून त्या मोजता येतात. जुन्या धुळ्यातल्या बोळांना कुणी नंबर देऊ शकलं नसतं. 'गल्ली नंबर' या दोन शब्दांत गाव शहर कसं झालं ते आहे. नकाशा न उघडता माणसाला कळतं की तो नव्या पेठेत उभा आहे.

हे सांगताना ब्रिग्जची आरती करायची नाही. त्याच राजवटीनं सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांवर फौजा घातल्या होत्या, हे खानदेशातल्या माणसानं विसरू नये. पण गल्ली ब्रिग्जची नाहीच. त्यानं रेषा ओढल्या. त्या रेषांवर भिंती उभ्या केल्या, विहिरी खणल्या, ओटे बांधले ते कुठून कुठून पोटासाठी आलेल्या आपल्या पणजोबांनी. नंबर पुसला की ब्रिग्जचं काही बिघडत नाही. पुसली जाते ती यांची गोष्ट.

नावामागची गोष्ट न सांगता नाव नुसतं चिकटवून ठेवलं की काय होतं, याचं उदाहरणही धुळ्यातच आहे. या सरळ गल्ल्या विश्वेश्वरय्यांनी आखल्या, असं शहरात कुणालाही विचारा, तो छातीवर हात ठेवून सांगतो. मीही शाळेत असताना हेच ऐकलं आणि निबंधात लिहिलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सहायक अभियंता म्हणून मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले ते १८८४ मध्ये. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी धुळ्याच्या पश्चिमेला पांझरेवर पाण्याच्या नळाचा सायफन, म्हणजे पाणी नदीपलीकडे नेणारा नळ, बांधला. त्या कामाचा धुळेकरांना अभिमान वाटावा, वाटतोच. पण नवी पेठ त्याच्या पासष्ट वर्षं आधीची. एवढी ओळ जरी एखाद्या गल्लीच्या तोंडाशी लिहिलेली असती, तरी पिढ्यानपिढ्या मुलं चुकीचं शिकली नसती आणि सायफनची खरी गोष्टही त्यांना कळली असती.

ज्या शहरात इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले, ज्या शहरात त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांसाठी लगेच पुढच्या वर्षी संशोधन मंडळ उभं राहिलं, त्या शहराला नावांचं मोल मी सांगावं हे खरं तर बरं दिसत नाही. पायी हिंडून दप्तरं गोळा करणारा हा माणूस गावांच्या नावांनाही कागदाइतकाच पुरावा मानत होता. गावाच्या नावावरून तिथं कोण आलं, कुठून आलं, काय पिकवत होतं, हे शोधता येतं, अशी त्यांची धारणा होती. गावाच्या नावाला हा मान आणि गल्लीच्या नावाला नाही, असं का?

पाचकंदील घ्या. धुळ्याच्या आग्रा रोडवरचा हा चौक. वीज येण्याआधीच्या बाजारात उजेड कुठं होता, हे त्या नावात आहे. संध्याकाळी कंदिलाला तेल घालणारा माणूस, त्या उजेडात मोजलेलं सुटं, गिऱ्हाईक संपेपर्यंत थांबलेले भाजीवाले, सगळं एका शब्दात. आता तिथं कंदील नाहीत. पण देवपूरहून येणारी रिक्षा थांबते, चालक विचारतो, "कथा जानं शे, माय?" आणि डोईवर गाठोडं घेतलेली बाई म्हणते, "पाचकंदीलले." या उत्तराला कुठल्याही ठरावाची गरज लागलेली नाही.

आणि तो आग्रा रोड. महामार्ग कधीच शहराबाहेरून गेला. आता ट्रकवाले धुळ्याच्या बाजारात शिरत नाहीत. पण साड्यांची आणि भांड्यांची दुकानं असलेल्या त्या रस्त्याला आपण आग्र्याचा रस्ता म्हणतो. मुंबईहून निघालेला माल नाशिक, मालेगाव करत इथं यायचा आणि सोनगीर, शिरपूर, सेंधव्यावरून वर जायचा. या शहराचा बाजार त्या वाटेनं मोठा केला. हे नाव गेलं तर धुळ्याला बाजार का वसला, हे विचारायचं निमित्तच उरणार नाही.

कुणी म्हणेल, लोक जुनं नाव सोडतच नाहीत, मग एवढी काळजी कशाला? खानदेशापुरतं बोलायचं तर याला मोठा आधारही आहे. १६०१ मध्ये अकबरानं असिरगड घेतला, फारुकी राज्य संपवलं आणि आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून या अख्ख्या मुलखाला 'दानदेश' नाव दिलं. हिंदुस्थानचा बादशहा, त्याचा शिक्का, त्याचं फर्मान. आज दानदेश हा शब्द इतिहासाच्या पुस्तकाबाहेर कुणाला माहीत आहे? आणि खानदेश तर सरकारी नकाशावरूनही गेला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, महाराष्ट्र झाल्यावर ते जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. खानदेश नावाचा जिल्हा आज कुठंही नाही. तरी वांग्याचं भरीत खानदेशीच असतं आणि पुण्यात भेटलेला आपला माणूस 'मी खानदेशचा' असंच सांगतो.

पण मुलखाचं नाव आणि गल्लीचं नाव यांत फरक आहे. मुलखाचं नाव लाखो तोंडांत असतं. गल्लीचं नाव दोन-तीनशे घरांत असतं, आणि त्यातली निम्मी घरं एका पिढीत बदलतात. आमच्याच गल्लीत माझ्या लहानपणीची चारपाच घरं उरली आहेत. बाकी मुलं पुण्याला, सुरतेला गेली, वाडे पाडून खाली गाळे आणि वर फ्लॅट झाले. नवे राहायला आलेले लोक पत्ता कुणाला विचारतात? मोबाइलला. मोबाइलला कुणी सांगितलं असेल तेच तो सांगतो. पूर्वी ठरावानं बदललेलं नाव पाटीवरच राहायचं आणि लोकांच्या तोंडचं चालू राहायचं. आता तसं राहणार नाही. आधार कार्ड, बँक, गॅस, मुलांचे दाखले, सगळीकडे एकच पत्ता जुळावा लागतो, म्हणून जे छापलं तेच खरं ठरतं. दानदेश लोकांनी पचवला तो काळ गेला.

थोर माणसांची नावं देऊ नयेत असं मी म्हणत नाही. नाव जिथं घडलं तिथं ते शोभतं. नंदुरबारचं घ्या. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले: लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. लोक तो चौक माणिक चौक म्हणूनच ओळखतात आणि हुतात्म्यांचं स्मारकही तिथंच आहे. 'माणिक चौकात शिरीषकुमार पडला' हे वाक्य नंदुरबारचं लहान मूल म्हणू शकतं, कारण चौकाला नाव आहे आणि हुतात्म्यालाही. साने गुरुजींचं नाव अमळनेरात ऐकलं की ते कानाला वेगळं लागतं, कारण तिथल्या शाळेत ते खरोखरच शिकवत होते, तिथल्या वसतिगृहातल्या पोरांची अंथरुणं त्यांनी आवरली होती. फैजपूरला १९३६ मध्ये खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं. त्या मातीत त्या माणसांची नावं असावीत, नक्की असावीत. पण ज्या थोर पुरुषाचा आमच्या गल्लीशी कधी पायधूळ झाडण्याइतकाही संबंध आला नाही, त्यांचं नाव तिथं लावून आपण त्यांना काय दिलं? त्यांच्या नावाखाली आज गटाराचं झाकण आणि मोटारसायकली आहेत. पाटीवर जयंतीलासुद्धा हार पडत नाही. हा मान नव्हे.

आता सगळ्यात अवघड जागा. जुनी नावं जपा म्हणणाऱ्या माझ्यासारखीला इथं थांबून उत्तर द्यावं लागतं. आपल्या गावांमध्ये वस्त्यांना जातींची नावं होती, पुष्कळ ठिकाणी आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं अशी जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. ती जुनी नावं मी इथं लिहीत नाही. माझी एक मैत्रीण तालुक्याच्या गावाहून धुळ्याला शिकायला आली होती. वसतिगृहाचा फॉर्म भरताना राहण्याचं ठिकाण या रकान्यापाशी तिचा हात थांबला. आम्ही चौघी भोवती उभ्या होतो. तिनं फक्त गावाचं नाव लिहिलं आणि फॉर्म पालथा ठेवला. त्या दिवशी मला कळलं नाही, कळायला बरीच वर्षं लागली.

म्हणून 'जुनं ते जपा' हा सरसकट नियम मला मान्य नाही. ते नाव त्या वस्तीतल्या लोकांनी स्वतःला दिलेलं नव्हतं. वेशीच्या आतल्यांनी वेशीबाहेरच्यांना दिलं होतं. पाचकंदील हे नाव तिथं उठणाऱ्या-बसणाऱ्यांच्या तोंडून आलं. हा फरक धरला की वाट सापडते. ज्याला ते नाव दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर लिहावं लागतं, त्याचा शब्द शेवटचा. कासार गल्ली, साळी गल्ली, भोई गल्ली ही नावं कुठं अभिमानानं सांगितली जातात, कुठं ती टोचत असतील. ठरवायचं तिथल्या घरांनी, शेजारच्या गल्लीनंही नाही. टोचणारं नाव पाटीवरून जावं, आणि जुन्या कागदांचा मेळ बसावा म्हणून फक्त कार्यालयाच्या नोंदवहीत राहावं. पाटीवर दोन्ही नावं लिहा असं मी पुढं म्हणणार आहे, ते या नावांना लागू नाही.

आणि नावं द्यायची हौस असेल तर जागेची काय कमी आहे? धुळे, जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, कुठलंही शहर घ्या, चारी बाजूंनी बिनशेतीचे प्लॉट पडताहेत. माझ्या सासरी जळगावच्या कडेला आमचं एक वावर होतं, 'चिंचेचं वावर'. बांधावर दोन चिंचा, त्यावरून नाव. शेजारचं ते बर्डीवरचं, पलीकडचं लवणातलं. आज तिथं घरं आहेत आणि पत्ता असा की गट नंबर अमुक, प्लॉट नंबर तमुक, आणि वर देवाचं नाव लावलेली कॉलनी. त्याच नावाच्या कॉलन्या शहरात आणखीही आहेत, म्हणून आमच्याकडे यायला निघालेले पाहुणे एकदा दुसऱ्याच टोकाला जाऊन बसले होते. या कॉलन्यांमधले रस्ते खरोखर बिननावाचे आहेत. तिथं द्या भिल्लांचे पुढारी खाज्या नाईकांचं नाव, ज्यांनी १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीला इंग्रज फौजेशी लढाई दिली. द्या बालकवींचं, जे धरणगावला जन्मले आणि १९१८ मध्ये भादलीच्या रुळांवर सत्तावीस वर्षांचे असताना गेले. बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये विद्यापीठाला मिळालं, छान झालं. पण त्यांच्या ओव्यांतलं वावर, मोट, सुगरणीचा खोपा यांतलंही एखादं नाव नव्या वस्तीच्या रस्त्याला का देऊ नये? आणि आमच्या चिंचेच्या वावरावरून गेलेल्या रस्त्याला 'चिंचेचं वावर' म्हटलं तर कुणाचं काय जातं?

जळगावनं एकदा हे फार सुंदर केलंय. या शहरात काव्यरत्नावली नावाचा चौक आहे. परवा भाचीला घेऊन तिथून जात होते, तिनं विचारलं, "मावशी, रत्नावली कोण होत्या?" मी स्कूटर बाजूला घेतली. तिला म्हटलं, ही बाई नव्हे, मासिक. १८८७ मध्ये नारायण नरसिंह फडणीस यांनी या जळगावातून फक्त कवितांना वाहिलेलं मासिक काढलं आणि जवळपास पन्नास वर्षं चालवलं. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या. १९०७ मध्ये इथं कवींचं संमेलन भरलं, तिथं सतरा वर्षांच्या एका ठोंबरे आडनावाच्या मुलाला लोक बालकवी म्हणू लागले. कापसाच्या आणि केळीच्या व्यापाऱ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं शहर आपल्या एका चौकाला कवितेच्या मासिकाचं नाव देतं, याचा मला रोज आनंद होतो. भाची म्हणाली, "आमच्या बाईंना विचारते, त्यांना माहितेय का."

त्याच जळगावात पोलनपेठ आहे. पोलन हा आता इतका आपला शब्द झालाय की कुणाला शंकाही येत नाही. एकोणिसाव्या शतकातले खानदेशचे कलेक्टर पोलन यांच्या नावाची ही पेठ. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढला, जळगाव कापसाचा मोठा बाजार झालं आणि पुढं रेल्वेच्या बाजूला शहर वाढत गेलं, तेव्हाची ही वाढ. उद्या कुणाच्या लक्षात आलं की हे इंग्रजाचं नाव, तर ते बदलायची मागणी होईल आणि बदलेलही. मला इंग्रज कलेक्टरचा पुळका नाही. पण जळगाव खेड्याचं शहर कसं झालं, याचा रस्त्यावर उभा असलेला पुरावा एवढाच आहे. तो काढण्याआधी निदान तो काय होता ते लिहून तरी ठेवा.

हे सारं करायला पैसा फारसा लागत नाही. पाटीवर दोन ओळींची जागा असते. वर नवं नाव, खाली जुनं, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगितलेली एक ओळ, वर्षासकट. नाव बदलायचा प्रस्ताव आला तर त्या गल्लीतल्या प्रत्येक घराला लेखी विचारावं. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली हरकतींची जाहिरात पुरेशी नाही. घरपट्टीच्या पावतीवर पत्त्यात दोन्ही नावं छापावीत. नवं-जुनं नाव, ठरावाची तारीख आणि सिटी सर्व्हे नंबर यांची एक नोंदवही असावी आणि ती मागितली की दाखवावी. माझ्या तीन खेपा वाचल्या असत्या एवढ्यासाठी म्हणत नाही. माझ्याकडे निदान खरेदीखत होतं, साक्षीदार जिवंत होते. भाड्यानं राहिलेल्या, कागद पुरात वाहून गेलेल्या माणसानं काय करायचं?

वारस नोंद झाली त्याच आठवड्यात मी महापालिकेला द्यायचा अर्ज लिहिला. गल्लीच्या नव्या पाटीखाली नंबरही लिहावा, एवढीच विनंती. सह्या घ्यायला पोस्टमन काका बरोबर आले. शिंप्याचं दुकान, मोबाइलवाला, वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली दोन कुटुंबं, आणि ओट्यावर तूर निवडत बसलेल्या आजी. आजींनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, पेन घेऊन सावकाश नाव लिहिलं. शेजारी पत्त्याचा रकाना होता. काय लिहायचं ते त्यांनी मला विचारलं नाही. घरी येऊन मी कागद पाहिला. एकोणतीस सह्या होत्या, आणि पत्त्याच्या रकान्यात एकोणतीस वेळा गल्लीचा नंबर होता.